मध्यंतरापर्यंतचे महाराज

मुकुंदवाडीत भाड्याची खोली शोधत फिरत होते, तेव्हा घरमालकांचे प्रश्न मला तोंडपाठ झाले होते. एकटीच राहणार का, नॉनव्हेज करता का, पाहुणे किती येतात, गावाकडं कोण असतं. या काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. पायरीवर उभं राहून त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “भुताचा पिच्चर बघताना डोळे मिटता का?”

मी परभणीहून आलेली, एका शाळेत मराठी शिकवायची नवीकोरी नोकरी, दिवसभर फिरून पायांचे तुकडे पडलेले. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, “मिटते. कानात बोटंही घालते.”

“मग खोली तुमची,” काका म्हणाले. “कालचा पोरगा म्हणाला, मी कशालाच भीत नाही. त्याला वाटेला लावलं. जो पहिल्याच भेटीत थापा मारतो तो उद्या नळाची तोटी मोडली तर सांगणार आहे का?”

खोली वरच्या मजल्यावर होती, हवेशीर होती, आणि खिडकीतून मुकुंदवाडीचं इवलंसं स्टेशन दिसायचं. तिथं मी पुष्कळ वर्षं राहिले. माझं लग्न तिथूनच झालं. माझ्या सासूबाईंनासुद्धा काकांनी तोच भुताचा प्रश्न विचारला होता, पण तो किस्सा सांगितला तर घरात भांडण होईल.

काका जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात वैजापूर तालुक्यातल्या बांधांवर गेली. एक भाऊ म्हणणार बांध इथं, दुसरा म्हणणार तिथं, आणि दोघांच्या मध्ये हे मोजणीची साखळी घेऊन उभे. त्यामुळं बोलण्यात सारखी साखळी यायची. शेजाऱ्यानं सांगितलं की अमक्याची सून करणी करते, की काका लगेच म्हणणार, “साखळी टाकली का? नाही ना? मग अंदाज घरी ठेवा.” भाजीवाला म्हणाला, काका, मेथी ताजी आहे, तरी साखळी. एकदा मी सहज म्हटलं, आज फार उकडतंय, तर आत जाऊन थर्मामीटर घेऊन आले. आणि आदल्या दिवसापेक्षा पारा खाली आहे हे दाखवून मला गप्प केलं. उकाडा काही कमी झाला नाही.

टीव्ही मात्र ते उभ्यानं बघायचे. काकूंच्या खुर्चीमागं, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. गुडघे कुरकुरायचे, तरी बसायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “टीव्हीपुढं बसलं की माणूस मान डोलवायला लागतो. उभं राह्यलं की प्रश्न सुचतात.”

काकू पक्क्या भाविक. त्यांच्यासाठी संध्याकाळी देवाची मालिका लागायची. ढग फाकले, प्रकाश पडला, देव प्रकटले, की काकू हात जोडायच्या. आणि मागून आवाज यायचा, “पंखा उजवीकडं.”

“काय?”

“उपरणं डावीकडं उडतंय. म्हणजे पंखा उजवीकडं ठेवलाय.”

काकू हात न सोडता म्हणायच्या, “मग? देवाला उकडत नसंल का? एवढा मुकुट घालून उभा हाय.”

काकूंच्या नमस्काराला काका हसलेले मी कधी पाहिले नाहीत. “नमस्कार तिचा, पंखा त्यांचा,” असं म्हणायचे. “मी पंख्याबद्दल बोलतोय.”

बरं, विज्ञानाचे पिच्चर तरी त्यांच्या तावडीतून सुटावेत! तेही नाही. अंतराळात यान फुटलं आणि धडाम आवाज झाला की काका खवळले. “तिथं हवाच नाही तर आवाज कुणी पोचवला? पोस्टमननं?” निवेदक खर्जात म्हणाला, शास्त्रज्ञांच्या मते, की हे म्हणणार, “कोणता शास्त्रज्ञ? नाव सांग, गाव सांग.” पांढरा कोट आणि भगवी कफनी हे दोन्ही नाटकाच्या कपडेपटातच मिळतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या घरात एकही कार्यक्रम सलग ऐकायला मिळायचा नाही. मी चिडून वर निघून जायची आणि वर गेल्यावर, आता खाली काय म्हणाले असतील, म्हणून जिन्यात येऊन कान लावायची.

एकदा कुठल्याशा वाहिनीवर आपल्या वेरूळचा कार्यक्रम लागला. एवढं मोठं लेणं माणसाच्या हातून होणं शक्य नाही, ते परग्रहावरच्या लोकांनी खोदलं असावं, असं त्यात घुमत्या संगीतावर सांगत होते. त्या दिवशी काका खुर्चीमागून पुढं आले, टीव्हीच्या तोंडाशी गेले आणि निवेदकाला म्हणाले, “तुझ्या घरची भांडी तरी तुझी आई घासते का परग्रहावरून बाई येती?” पुढच्या रविवारी आम्हा सगळ्यांना जीपमध्ये कोंबून वेरूळला नेलं. कैलास लेण्यात भिंतीशी डोळा नेऊन ते छिन्नीचे घाव दाखवत होते. “हे बघा, वरून खाली. हा इथं थांबला. इथून दुसऱ्याचा हात सुरू. हा डावखुरा असणार.” मग स्वतःशीच ओशाळून म्हणाले, “हा अंदाज आहे. साखळी नाही टाकलेली.”

काकू गाभाऱ्यातून दर्शन घेऊन आल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माणसांनीच खोदलं, पटलं. पर कुणासाठी खोदलं, ते बी बघा की.” 

असा हा माणूस, आणि वैजापूरकडच्या लोकांनी त्याला महाराज करून टाकलं.

त्याचं असं झालं. शहरात नाटक-सिनेमा शिकणाऱ्या पोरांनी मिळून एक पिच्चर काढायचं ठरवलं. भोंदू बाबाची पोल खोलणारा. त्यांना बाबा मिळत नव्हता. काकांनी निवृत्तीनंतर दाढी करणं सोडलं होतं. ती छातीपर्यंत आलेली, पांढरीशुभ्र. डोळे पहिल्यापासून मोठे. तरुणपणी खात्याच्या नाटकांतून कामंही केलेली. पोरांनी त्यांना क्रांती चौकात चहाच्या टपरीवर पाहिलं आणि तिथंच पाय धरले. विषय ऐकून काका एका पायावर तयार झाले.

अंगाऱ्याचा चमत्कार त्यांनी स्वतःच बसवला. राखेत भाताची पेज घालून मळायचं, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. ही गोळी बोटांच्या बेचक्यात लपवायची, हात रिकामा दाखवायचा, आणि मंत्र म्हणता म्हणता चुरगाळायची. अंगारा भुरभुरायला लागतो. गोळ्या वळायचं काम अर्थातच काकूंकडं आलं. गच्चीवर जुनं धोतर अंथरून त्यांनी त्या ओळीनं मांडल्या. “जन्मभर सांडगे घातले, आता पाखंड वाळत घालतीय,” असं पुटपुटत होत्या. मी शाळेतून आले, भूक लागलेली, गच्चीवर वाळवण दिसलं, उचलून एक तोंडात टाकली. पुढचं सांगत नाही. काकांनी मात्र गल्लीभर सांगितलं, की बाईंनी विज्ञान चाखून बघितलं.

पिच्चर बरा झाला होता. मध्यंतरापर्यंत बाबांचे चमत्कार, गाव पायाशी लोळतंय. मध्यंतरानंतर गावातली एक मास्तरीण भर सभेत बाबाचा हात धरते, बोटांतली गोळी काढून दाखवते, लोक बाबाला बडवतात आणि बाबा रडत रडत सगळं कबूल करतो. काकांना दुसऱ्या भागाचा फार अभिमान. “माझं खरं काम मध्यंतरानंतर आहे,” असं सगळ्यांना सांगायचे.

थेटरात काही तो लागला नाही. पण वैजापूरच्या बाजूच्या एका केबलवाल्यानं तो घेतला आणि दर रविवारी दुपारी लावायला सुरुवात केली. आणि मग एका सकाळी एक म्हातारे शेतकरी नारळ घेऊन आमच्या दारात आले. काकांना पाहताच त्यांनी पायरीवरच लोटांगण घातलं.

काकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. “अहो, काय करता! तुम्ही पिच्चर पाह्यला का पूर्ण?”

“व्हय महाराज. पुरा पाह्यला. लाईट जाईपर्यंत.”

काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं ते पिच्चरमध्ये कुठंच उमटलं नव्हतं. त्या पट्ट्यातल्या गावांत रविवारी दुपारी ठरल्या वेळेला वीज जायची. बाबा चमत्कार करायचे, मध्यंतर व्हायचं आणि लाईट जायची. पिच्चर पुन्हा लागायचा, लाईट पुन्हा जायची. अशा रीतीनं कितीतरी गावांनी तो पुरा पाहिला होता.

काकांनी केबलवाल्याला फोन करून झाडलं. तो म्हणाला, “काका, लोकाला लई आवडलाय, पुन्यांदा मागतेत.” त्यानं वेळ बदलून पाहिली, तर विजेचीही वेळ बदलली. माणसं येत राहिली. काका प्रत्येकाला चहा पाजायचे, मी महाराज नाही, मी मोजणीवाला, असं सांगायचे. लोक हात जोडून ऐकून घ्यायचे. मोठी माणसं आपला मोठेपणा असाच नाकारतात, असं त्यांच्यात ठरलेलं होतं. जाताना नारळ पायरीवर ठेवून जायचे. काकूंनी एवढ्या वड्या केल्या की गल्लीतली पोरं आम्हाला पाहून पळायला लागली.

मी खूप हसले त्या दिवसांत. मंदाताई आल्या आणि हसू थांबलं.

मंदाताई वैजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. नवरा बाजार समितीत हमाली करायचा, ह्या कांद्याच्या खुडणी-काढणीला जायच्या. सोबत मुलगी, कोमल, पाचवीतली. पॅसेंजरनं आल्या होत्या, मुकुंदवाडीला उतरून ‘पिच्चरमधले महाराज कुठं राहतेत’ असं विचारत घरापर्यंत पोचल्या. कोमलला आकडी यायची. वर्गात यायची, विहिरीवर यायची. एकदा चुलीपाशी आली होती, त्याचा डाग मनगटावर होता. मंदाताई सगळी ठिकाणं करून बसल्या होत्या. कुणी बाहेरचं सांगितलं, कुणी घरातलं. एका ठिकाणी मुलीला धुरी दिली होती, ती इतकी की पोरीचे डोळे आठवडाभर सुजलेले. दवाखान्यातही एकदा नेलं होतं, गोळ्या मिळाल्या होत्या. पण त्याच सुमाराला कुणीतरी म्हणालं, गोळ्यांनी देवाचा कोप होतो, म्हणून बंद केल्या.

“आता तुमच्याबगर कुणी नाय महाराज,” मंदाताई म्हणाल्या. “लेकीला अंगारा लावा. तुमच्या हातचा.”

काकांनी त्यांना बसवलं आणि सरळ मध्यंतरानंतरचा पिच्चर लावला. म्हणाले, आधी हे बघा, मग बोलू. मंदाताई हात जोडून बघत होत्या. मास्तरणीनं बाबाचा हात धरला, गोळी काढली, लोक बाबावर तुटून पडले. काका खुर्चीमागून समाधानानं बघत होते. आणि मंदाताई पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागल्या.

“किती मारलं हो तुमाला! आन् त्या मास्तरणीच्या हाताला किडे पडतील. खोटी गोळी घालून देवमानसावर आळ घेती!”

मी शाळेत शिकवते हे त्या दिवशी मी मंदाताईंना सांगितलं नाही.

काका काही बोलणार एवढ्यात कोमलला आकडी आली. खुर्चीवरून ती खाली घसरली, हातपाय ताठ. मंदाताई ओरडल्या, “कांदा आना, चप्पल हुंगवा!” आणि मग काकांच्या पायांवर डोकं आपटत, “अंगारा लावा महाराज, लावा!” काकूंच्याही तोंडून निघून गेलं, “लावा हो, काय जातंय!” काकांनी कुणाचंच ऐकलं नाही. खाली बसून त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली काकूंची शाल घातली, भोवतीच्या खुर्च्या मला हटवायला लावल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून घड्याळाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं झटके थांबले. पोरगी गाढ झोपली.

मंदाताईंनी काकांचा तो हात उचलून कपाळाला लावला. “पाह्यलं ना? तुमचा हात लागला आन् उतरलं.”

पिच्चर दाखवला तरी महाराज, आणि अंगारा नाकारून बरोबर ते केलं तरी महाराज. काका उठून मागच्या अंगणात गेले. मी पाठोपाठ गेले. मला राग आला होता, काकांचाच.

“काका, आता तत्त्व बाजूला ठेवा. एकदाच महाराज व्हा. सांगा तिला, माझी आज्ञा आहे, दवाखान्यात जा आणि रोज गोळी दे. ती एका शब्दावर जाईल. पोर वाचेल.”

“जाईल,” काका म्हणाले. “आणि उद्या दुसरा महाराज म्हणाला गोळी बंद कर, तर बंद करील. एकदा तसंच झालंय ना? मग माझा शब्द किती दिवस टिकणार? हद्दीची खूण माझ्या पायाखाली रोवून भागत नाही बाई. मी हललो की हद्द हलली. ती तिच्या जमिनीत पाहिजे.”

“आणि तोवर पोरगी चुलीत पडली तर?”

काका कडुलिंबाखाली उभे राहिले, दाढीतून हात फिरवत. इतका हतबल चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता आणि मला आणखीच राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं आणि माझंही.

काकू मागच्या दारात येऊन आमचं ऐकत होत्या. म्हणाल्या, “तुमचं दोघांचं चालू द्या. त्या बाईला मी वर नेती.”

“वर कशाला?”

“सांडगे घालायला.”

आणि खरोखरच घेऊन गेल्या. चुलीची राख आणली, कुकरमधली पेज गाळली आणि मंदाताईंपुढं परात ठेवली. “मळ गं. मला वाकवत नाही.” मंदाताईंना वाटलं, महाराजांच्या घरची सेवा आहे. त्यांनी मन लावून राख मळली, गोळ्या वळल्या, धोतरावर मांडल्या. काकू शेजारी बसून कांद्याच्या भावाच्या गोष्टी विचारत होत्या, पोरीच्या शाळेच्या, नवऱ्याच्या. एक शब्द चमत्काराचा नाही, की विज्ञानाचा नाही. त्या रात्री माय-लेकी खालच्या खोलीत झोपल्या. दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं, दुपारपर्यंत गोळ्या खडखडीत वाळल्या.

मग काकूंनी एक गोळी मंदाताईंच्या बोटांच्या बेचक्यात ठेवली. “अशी धर. हात पसर. आता चुरगाळ.”

पहिल्या वेळी गोळी खाली पडली. दुसऱ्या वेळी मंदाताईंच्या रिकाम्या हातातून अंगारा भुरभुरला, गच्चीच्या फरशीवर पडला. कोमल खुदकन हसली. म्हणाली, “आये, तू बी महाराज झाली!”

मंदाताई हसल्या नाहीत. हाताकडं बघत राहिल्या. आणखी एक गोळी घेतली, आणखी एक. सगळ्यांचा अंगाराच झाला. मग त्या जिना उतरून खाली आल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. पाया पडल्या नाहीत. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काकांच्या डोळ्यांत बघितलं.

“तुमी खरे असता, तर लई बरं झालं असतं, तात्या,” त्या म्हणाल्या.

 काका काहीतरी सुनावतील असं मला वाटलं, साखळी, हद्द, काहीतरी. पण ते एवढंच म्हणाले, “मलापण तसंच वाटतंय, मंदाबाई.”

“मंग आता माझ्या लेकीला कोन हाय?”

काकांनी कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या, पाण्याची बाटली भरून घेतली, छत्री घेतली आणि कोमलचा हात धरला. “चला. केसपेपरची खिडकी लवकर बंद होती.”

सरकारी दवाखान्यात लांबलचक रांग होती. काका रांगेत उभे राहिले, कुणी बसायला जागा दिली तरी बसले नाहीत. रांगेत वैजापूरकडची माणसं होतीच. कुजबुज सुरू झाली. “महाराज! महाराज केसपेपर काढायलेत!” एक आजीबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “महाराज, तुमी बी इथलीच दवा घेता का?” काकांना संताप आवरेना. जी गोष्ट तोंडानं सांगायची नाही म्हणून ते काल अंगणात माझ्याशी भांडले होते, ती त्यांच्या नुसत्या उभं राहण्यानं होऊन बसली होती. मला मात्र त्या आजीबाईंचा मुका घ्यावासा वाटला. काकांनी त्यांना चिडक्या आवाजात मी महाराज नाही, मोजणीवाला आहे असं सांगितलं, पण कोणत्या खिडकीत काय मिळतं तेही सांगितलं आणि त्यांचा केसपेपरही काढून दिला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं कोमलला तपासलं आणि मंदाताईंना शांतपणे समजावलं, की हा मेंदूचा आजार आहे, कुणाचा कोप नाही. गोळी रोज, न चुकता, बरं वाटलं तरी. मंदाताईंनी विचारलं, “ह्या गोळीत काय असतंय?” मला वाटलं डॉक्टर वैतागेल. ती वैतागली नाही, कागदावर चित्र काढून तिनं सांगितलं. काका भिंतीशी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं एखाद्यानं फार वर्षांचं भांडण मिटताना बघावं. बाईनं प्रश्न विचारला होता.

त्यानंतर मंदाताई औषधाला यायच्या त्या दिवशी काका स्टेशनवर छत्री घेऊन हजर असायचे. रांगेत सोबत उभं राहायचे. मी एकदा म्हटलं, “काका, आता तिला वाट माहीत आहे, कशाला दमता?” तर म्हणाले, “एखाद्याच्या पायाखालची फळी काढायची, आणि वरून म्हणायचं पोहायला शिक? मग काठावर तरी उभं राह्यला पाहिजे.” हे मात्र ते सुनावल्यासारखं नाही, अगदी हळू बोलले.

गोळ्या लगेच लागू पडल्या असं नाही. मधे एकदा मोठी आकडी आली, मंदाताई खचल्या, नवरा म्हणाला, त्यापेक्षा अंगाराच बरा होता. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. हळूहळू आकडी उशिरा उशिरा येऊ लागली, मग थांबली. कोमल दहावी झाली, बारावी झाली. आता वैजापुरात कॉलेजला जाते आणि गोळीची वेळ झाली की मोबाइल वाजतो, तरी आई आठवण करतेच म्हणून तिलाच रागावते, की आये, तू सारखी आठवण नको करू, मोबाइल करतो.

मधल्या काळात शहराचं नाव बदललं, मी सिडकोत राहायला गेले, काकांचे गुडघे पार गेले. टीव्ही अजून उभ्यानंच चालला होता, आता खुर्चीऐवजी काठीला धरून. काकू अजून हात जोडतात आणि मागून अजून पंख्याची बातमी येते.

गेल्या हिवाळ्यात मंदाताईंचा फोन आला. त्यांच्या बचत गटाच्या बायकांना तो पिच्चर दाखवायचा होता. शाळेच्या खोलीत, शाळेच्याच प्रोजेक्टरवर. मास्तर हो म्हणाले होते. “तात्याला आना,” एवढंच म्हणाल्या. आम्ही गाडी करून गेलो. खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. सतरंजीवर बायका, त्यांची पोरं, मागं भिंतीला टेकून काही बाप्ये. लॅपटॉपपाशी कोमल. काकांसाठी पुढं खुर्ची ठेवली होती. ते अर्थातच बसले नाहीत, दाराशी काठी टेकून उभे राहिले.

पिच्चर सुरू झाला. पडद्यावर मास्तरीण बाबाचा हात धरत होती.

“अहो, उलटं लावलंय!” काका दारातून ओरडले. “हे मध्यंतरानंतरचं आहे!”

मंदाताई मागं वळून म्हणाल्या, “म्हाईत हाय तात्या. लाईटीचा भरवसा नाय. कामाचं आधी बगून घिऊ द्या.”

खोली हसली.  पडद्यावर गोळी निघाली, बाबानं मार खाल्ला, रडत कबूल केलं. मंदाताई उठल्या, परातीतल्या वाळलेल्या गोळ्या त्यांनी बायकांना वाटल्या आणि सगळ्यांकडून अंगारा काढून घेतला. हशा, राखेनं भरलेले हात, कुणीतरी नवऱ्याच्या डोक्यावर अंगारा टाकतंय. आणि मग कोमलनं पहिला भाग लावला. महाराज येतात, गाव जमतं, महाराज रिकामा हात सगळ्यांना दाखवतात, मंत्र म्हणत तो आकाशाकडं उचलतात.

आणि लाईट गेली.

अंधारात मी काकांकडं बघायला वळले. काही वर्षांपूर्वी अशीच लाईट जाऊन पिच्चर तुटला होता आणि त्याच्या पुढचं सगळं आमच्या दारात आलं होतं. खोलीत कुणी उठलं नाही, कुणी हळहळलं नाही. एका पोरीनं विचारलं, “आजे, आता?”

पुढच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, “जाऊ दे लाईट. त्याच्या बोटात गोळी हाय.”

कोमलनं खिडकीवरची चादर ओढली. दुपारचं ऊन आत आलं. बायका राखेचे हात झटकत पोरांना गोळा करत होत्या, मंदाताई चहाचं बघायला निघाल्या होत्या. काका दारात नव्हते. ते पुढं येऊन त्या खुर्चीवर बसले होते, काठी मांडीवर आडवी ठेवून.